तिनं दिलेला पास

ती आमच्याकडे राहायला आली त्या संध्याकाळी आईनं अंबाडीची भाजी केली होती. पाहुणी येणार म्हणून मुद्दाम काही नव्हतं. बाजारात अंबाडी ताजी मिळाली, म्हणून केली. ताट पुढं आल्यावर ती मुलगी एकदम म्हणाली, "गोंगुरा!" आई म्हणाली, "अंबाडी." मग दोघी एकमेकींकडं बघून हसल्या. आईला तेलुगू बाजारापुरतं यायचं आणि तिला मराठी अजिबात येत नव्हतं, पण त्या रात्री तिनं तीनदा भाजी मागून घेतली आणि आईचा जीव तिच्यावर जडला. मला ती भाजी लहानपणापासून आवडत नाही. मी लोणच्याशी पोळी खाल्ली, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मी तेव्हा हैदराबादच्या एका औषध कंपनीत हिशेब खात्यात होते. नोकरी बास्केटबॉलमुळं मिळालेली. दुपारपर्यंत ऑफिस आणि नंतर नारायणगुड्यात एका शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर सराव, अशी आठ वर्षं चालली होती. संघाची कप्तान मी होते. मैदानावर माझं काम म्हणजे चेंडू मागून पुढं आणायचा, कुणाच्या भोवती जागा मोकळी आहे ते बघायचं आणि तिच्या हातात तो नेमका द्यायचा. बास्केट ती करणार, टाळ्या तिला. हे मला मान्य होतं. निदान आठ वर्षं तरी मला तसं वाटत होतं.

बाबा वकील होते. सिटी सिव्हिल कोर्टात त्यांची बरी चाललेली. माझ्या खेळावर त्यांचा राग नव्हता. खेळानं मुलीला पगारी नोकरी दिली एवढं त्यांना पुरत होतं. पण सामना बघायला ते एकदाही आले नाहीत. मी आग्रह केला की म्हणायचे, "मला एक कोर्ट पुरे आहे गं बाई." हा विनोद ते दरवर्षी करायचे आणि आई दरवर्षी हसायची.

मग देशात सगळंच बदलायला लागलं. बाजार खुला झाला, गल्लीगल्लीत केबलच्या तारा लोंबायला लागल्या, कोठी बाजारातल्या दुकानांत परदेशी बिस्किटांची खोकी दिसू लागली. आमच्या मालकांचा मुलगा अमेरिकेत शिकून परत आला आणि त्यानं ग्लुकोजची पावडर काढली, चकचकीत पिवळ्या पाकिटात. ती खपवायला त्याला खेळाडू हवे होते. आतापर्यंत कंपनीचा संघ म्हणजे नोटीस बोर्डावरची एक ओळ असायची. आता मालकांचा मुलगा स्वतः सरावाला येऊन उभा राहू लागला. आणखी दोन-तीन कंपन्यांना गाठून त्यानं एक स्पर्धा उभी केली. अमेरिकेत म्हणे अंतिम फेरी एका सामन्यात संपवत नाहीत, तेच दोन संघ पुन्हा पुन्हा खेळतात. आपल्याकडं तीन सामने ठेवूया, दोन जिंकेल तो विजेता, असं त्यानं ठरवलं. आणि त्यासाठी वरंगळच्या पलीकडच्या एका गावातून ही मुलगी आणली.

तिला नोकरी नव्हती, करार होता. आमच्यापैकी कुणी हा शब्द स्वतःसाठी कधी वापरला नव्हता. तिला राहायला जागा मिळेना, तेव्हा मालकांच्या मुलानं मला विचारलं, "आप कॅप्टन हो, थोडे दिन अपने घर रख लो." मी हो म्हटलं. कप्तान या शब्दाचा मला अभिमान होता ना!

पहिल्या सरावालाच मला कळून चुकलं. खेळणाऱ्याला ते लगेच कळतं. ती उंच होती, पण नुसती उंच नव्हती. ती उडी मारायची आणि वर गेल्यावर जरा थांबायची. आपण सगळ्या खाली आलेल्या असायचो आणि ती अजून वरच. चेंडू रिंगच्या लोखंडाला न लागता जाळीतून जायचा, तो बारीक 'सुळ्ळ' आवाज मी आठ वर्षांत जेवढा ऐकला असेन तेवढा तिनं त्या एका संध्याकाळी ऐकवला. आमचे सर लष्करातून निवृत्त झालेले, कौतुक करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते शिट्टी तोंडात धरून नुसते बघत राहिले. मी घरी जाताना तिच्यात काय कमी आहे ते शोधत होते. पास देत नाही, हे मला सापडलं. मला फार बरं वाटलं.

घरात ती कमी बोलायची, खूप जेवायची आणि कुठंही गाढ झोपायची. मला 'अक्का' म्हणायची. आईला पहिले काही दिवस 'अम्मा' म्हणत होती. मग एका सकाळी मी न्हाणीतून बाहेर येत होते तर स्वयंपाकघरातून आवाज आला, "आई, चहा झाला?" शुद्ध मराठी. आईनं शिकवलेलं. पुण्याचे पाहुणे आले की आमचं हैदराबादी मराठी ऐकून गालात हसायचे. हिचं ऐकून ते म्हणाले असते, बघा, किती गोड बोलते. बाबा तिला 'बाळ' म्हणू लागले. मला त्यांनी कधी बाळ म्हटल्याचं आठवत नाही. लहान असताना म्हटलंही असेल.

मग ते पोस्टर लागलं. जाहिरातीसाठी आमचे सगळ्यांचे फोटो काढले होते. त्यात एका फोटोत मी तिच्या हातात चेंडू देतेय आणि ती रिंगकडं बघतेय, असा प्रसंग फोटोवाल्यानं दहा वेळा करून घेतला होता. कोठीच्या चौकात मोठा फलक उभा राहिला तेव्हा त्यावर ती होती, पिवळं पाकीट होतं, आणि डाव्या कडेला दोन हात होते. मनगटापर्यंतचे. बाकी मी कापली गेले होते.

बाबांनी स्कूटर थांबवली. "बघ, बघ! आपली पोरगी!"

मी मागं बसले होते. म्हटलं, "ते हात माझे आहेत, बाबा."

"कशावरून?" त्यांनी वकिली सवयीनं विचारलं.

"मनगटावरचा तीळ बघा."

त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "दिसत नाही बुवा," म्हणाले आणि स्कूटर चालू केली.

अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्याला इनडोअर स्टेडियम गच्च भरलं होतं. बायकांच्या बास्केटबॉलला एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती. कर्ण्यावर गाणी वाजत होती, पिवळे फुगे सोडले होते. समोर सिकंदराबादकडचा एक जुना, मुरलेला संघ होता. त्यांच्यात एकही चेहरा फलकावर लागण्यासारखा नव्हता. खेळ सुरू व्हायच्या आधी मी सहज वर पाहिलं. तिसऱ्या ओळीत आई बसली होती, मांडीवर डबा घेऊन. आणि तिच्या शेजारी बाबा, कोर्टाचा काळा कोटसुद्धा न काढता. मी हात वर केला. बाबांनीही केला. मग माझ्या लक्षात आलं की ती माझ्या मागं उभी आहे आणि तीही हात हलवतेय.

त्या सामन्यात तिनं जे केलं त्याबद्दल लोक बरेच दिवस बोलत होते. आमच्या निम्म्याहून जास्त बास्केट एकटीच्या. तीन जणींच्या मधून वर जायची. स्टेडियम उभं राहून ओरडत होतं. आणि आम्ही हरलो. कारण मी चेंडू आणायचा, तिच्याकडं द्यायचा, आणि मग आम्ही चौघी आपापल्या जागी उभ्या राहून पुढं काय होतं ते बघायचं, असंच चाललं होतं. दुसऱ्या बाजूला सिकंदराबादच्या बायका, घाई नाही, दिमाख नाही, एकीकडून दुसरीकडं, दुसरीकडून तिसरीकडं चेंडू फिरवत बास्केट करत राहिल्या.

सर खोलीत आले. "एक खेली," ते म्हणाले, "और चार ने पिक्चर देखी." एवढंच बोलून ते बाहेर गेले.

ती भिंतीला टेकून रडत होती. मलाही हरल्याचं वाईट वाटत होतं. पण त्या वाईट वाटण्याच्या तळाशी साखरेचा एक कण होता आणि मी तो जिभेवर घोळवत घरी गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात तिचा फोटो आला, हरलेल्या संघातल्या मुलीचा, जिंकलेल्यांचा नाही. तो कणही विरघळला.

दुसऱ्या सामन्यासाठी सरांनी वेगळी आखणी केली. समोरच्या दोघी-तिघी तिच्यावर धावणारच, तर तिनं त्यांना घेऊन कोपऱ्यात पळायचं. मधली जागा रिकामी होईल, तिथं बाकीच्यांनी खेळायचं, आणि खेळ चालवायचा मी. तिला विचारलं, जमेल ना? ती म्हणाली, "हौ सर." चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मी नीट निरखून पाहत होते, म्हणून सांगते.

त्या दिवशी मी आयुष्यातला सगळ्यात चांगला सामना खेळले. यात माझा मोठेपणा सांगायचा नाही, पण खेळणाऱ्याला असे एक-दोनच दिवस मिळतात. मान न वळवता मला दिसत होतं कोण कुठं आहे. माझ्या हातातून चेंडू सुटायच्या आधीच जिला मिळायचा ती पुढं निघालेली असायची. आमच्यातल्या सगळ्यात बुजऱ्या मुलीनंही त्या दिवशी बास्केटवर बास्केट केल्या. ती मात्र कोपऱ्यातून कोपऱ्यात पळत राहिली, दोन पहारेकरणी मागं घेऊन. लोकांना ते आवडलं नाही. तिच्या नावानं ओरडा चालला होता, चेंडू तिच्याकडं का देत नाही म्हणून मला शिव्याही पडल्या. पण आम्ही जिंकलो, चांगल्या फरकानं.

मालकांचा मुलगा खाली आला. मला वाटलं, अभिनंदन करेल. म्हणाला, "जीते, अच्छा है. लेकिन पब्लिक उसको देखने आती है. अगली बार बॉल उसके पास दिखना चाहिये."

घरी परतताना आम्ही चौघं एका रिक्षात दाटीवाटीनं बसलो होतो. बाबा पुढं ड्रायव्हरशेजारी अर्धे बाहेर. बाबा माझ्या खेळाबद्दल काही म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. हिमायतनगर गेलं, काही नाही. मग ते मागं वळून तिला म्हणाले, "बाळ, आज तू नुसतीच कोपऱ्यात पळत होतीस. बरं नव्हतं का गं?"

ती म्हणाली, "नाही काका. मी बरी आहे. आज अक्का खेळली."

"असं?" बाबा म्हणाले. "हिनं तर एकही बास्केट केली नाही."

"सगळे अक्कानेच केले," ती म्हणाली. मराठी चुकलं होतं, पण अर्थ कळण्यासारखा होता. आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मला त्या हाताचाही राग आला. माझ्या खेळाचं कौतुक माझ्या बापाला कळायचं तर तेही हिच्या तोंडून कळावं! तिनं ते मनापासून म्हटलं होतं, हे मला दिसत होतं. त्यामुळं तर जास्तच आग झाली. खोटं बोलली असती तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्या सामन्याच्या आधीचे दिवस मी घरी तिच्याशी कामापुरतं बोलत होते. तिला ते कळलं की नाही, देव जाणे. एकदा तिनं माझे बूट धुऊन वाळत घातले. मी ते काढून पुन्हा धुतले.

शेवटच्या सामन्याला सरांनी मधला मार्ग काढला. "मालिक की बात भी रखो, मेरी भी," ते म्हणाले. "बॉल इसको दो. मगर कोई खडी मत रहना." खेळ अगदी काट्यावर चालला. आम्ही पुढं गेलो की त्या गाठायच्या, त्या पुढं गेल्या की आम्ही. ती जीव तोडून खेळत होती आणि मी तिला चेंडू देत होते, एकामागून एक, बिनचूक. मला मत्सर होता, पण हातांना सवय होती. हात आपलं काम करत होते.

शेवटी आम्ही एका गुणानं मागं होतो आणि वेळ जवळजवळ संपलेली. चेंडू माझ्याकडं होता. मी तो पुढं आणला आणि तिला दिला, देणार हे सगळ्यांना माहीतच होतं. दोघी तिच्यावर झेपावल्या, मग तिसरी, जी माझ्यावर होती तीही. मी सरांचं ऐकून दोन पावलं आत सरकले होते, रिंगच्या समोर. ती उडी मारून वर गेली. सगळं स्टेडियम वर बघत होतं. मीही वर बघत होते, ती आता चेंडू टाकणार म्हणून. आणि वरूनच, न बघता म्हणावं असं, तिनं चेंडू माझ्याकडं फेकला.

तो माझ्या छातीवर आदळला. मी कसाबसा धरला. आयुष्यात तिच्याकडून मला आलेला तो पहिला पास होता. मी टाकला. तो सुंदर वगैरे मुळीच नव्हता. चेंडू रिंगवर बसला, एक फेरी मारली, विचार केल्यासारखा थांबला आणि आत पडला. भोंगा वाजला.

मला वाटलं, आता आपलं. निदान आज. मुली धावत आल्या, मला मिठ्या मारल्या, ते खरं आहे. पण माणसं कठड्यावरून खाली उतरली ती तिच्याकडं गेली. तिला खांद्यावर घेतलं. मालकांच्या मुलानं तिच्या हातात पिवळं पाकीट दिलं आणि फोटो काढले. बाबा गर्दीतून वाट काढत आले, मला म्हणाले, "छान हं!" आणि लगेच, "पण तिचं मन बघ केवढं! स्वतः टाकू शकली असती."

दुसऱ्या दिवशीच्या पेपरातही हेच होतं. सगळं श्रेय घेता येत असताना तिनं ते आपल्या ज्येष्ठ सहकारी खेळाडूला दिलं, संघभावना म्हणजे काय ते या मुलीनं दाखवलं, असा सगळा मजकूर. माझं आडनाव चुकीचं छापलं होतं. मी तो पेपर हातात धरून अंगणात उभी राहिले. आठ वर्षं मी पास देत होते. रोज, पावसात, तापात, मला बघायला माणसं येणार त्या दिवशीही. त्याला कुणी संघभावना म्हटलं नाही. ते माझं काम होतं. तिनं एकदा दिला आणि तो त्याग झाला. बास्केट करण्यातलं यश तिचं, हे मी गिळलं होतं. आता दुसऱ्याला देण्यातलं यशही तिचंच.

दुपारी ती गच्चीवर आईची लुगडी काढून घड्या घालत होती. मी वर गेले. मला राहवलं नाही.

"वो पास कायकू दी तू?"

तिला प्रश्नच कळला नाही. "कौनसा?"

"आखरी का. सब पूछ रहे."

तिनं घडी छातीशी धरून जरा आठवलं. मग म्हणाली, "तीन लोगां मेरे पे थे, अक्का. तुम खाली थे."

तिच्या हैदराबादी हिंदीत खाली म्हणजे मोकळी, जिच्यावर कुणी नाही ती. माझ्या मराठी कानाला तो शब्द वेगळाच लागला. ती मला म्हणाली, "ये पकडो ना, अक्का," आणि लुगड्याची दोन टोकं माझ्या हातात देऊन पलीकडच्या बाजूला गेली. आम्ही दोघींनी मिळून घडी घातली. तिच्या त्या पासात ना त्याग होता, ना हिशेब, ना माझ्याबद्दल दया. मोकळी जागा दिसली, चेंडू तिथं गेला. मी आठ वर्षं ज्याला माझी हुशारी समजत होते ते तिला सहज, काही न वाटता जमलं होतं, उडी मारल्यासारखं. त्या दुपारी मला तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा फलक बघूनही वाटला नव्हता.

ग्लुकोज काही खपलं नाही. बाहेरच्या मोठ्या कंपन्यांची पाकिटं आली आणि आमच्या पिवळ्या पाकिटांचे ढीग गोदामात पडून राहिले. पुढच्या हंगामाआधीच मालकांच्या मुलाचा खेळातला रस आटला आणि संघ बंद झाल्याची नोटीस लागली. आम्हा बाकीच्यांना नोकऱ्या होत्या, आम्ही पूर्ण वेळ टेबलाशी बसू लागलो. तिला नोकरी नव्हती. पण महिन्याभरात मद्रासच्या एका संघानं तिला बोलावून घेतलं.

काचिगुडा स्टेशनवर आम्ही तिघं तिला पोचवायला गेलो. आईनं दशम्या आणि अंबाडीची चटणी बांधून दिली होती आणि सारखी डोळे पुसत होती. बाबा पाण्याची बाटली भरून आणायला नळावर गेले, स्वतः. तिनं आईला वाकून नमस्कार केला, बाबा आल्यावर त्यांना केला. माझ्यासमोर आल्यावर ती घोटाळली. मोठी म्हणून वाकावं की संघातली म्हणून हात मिळवावा? शेवटी तिनं मला मिठी मारली. तिच्या केसांना आमच्याच घरच्या तेलाचा वास येत होता. मीही तिला धरलं. सोडायचं कधी ते मला कळेना.

ती डब्यात चढली. खिडकीशी एक कुटुंब आधीच बसलं होतं. त्यातल्या बाईनं तिच्याकडं टक लावून पाहिलं, मग नवऱ्याला कोपरानं ढोसलं. दोघं उठले आणि खिडकीची जागा तिला दिली. मुलाला सही घ्यायला कागद सापडेना म्हणून केवढी धांदल! मी फलाटावर उभी राहून ते सगळं बघत होते आणि मला नेहमीसारखा तिचा हेवा वाटला, त्या क्षणीसुद्धा.

गाडी सुटली. ती खिडकीतून हात हलवत राहिली आणि आम्ही तिघंही हलवत राहिलो. परतीच्या रिक्षात जागा ऐसपैस होती, पण बाबा सवयीनं पुढं ड्रायव्हरशेजारीच बसले. मला वाटलं होतं, ती गेली की मला हलकं वाटेल, घर परत माझं होईल. नारायणगुडा येईपर्यंत मी विचार करायला तिच्याशिवाय दुसरं काहीतरी शोधत होते. काही सापडलं नाही.